तोलारखिंडीतून हरिश्चंद्रगड: या चुका टाळा

हरिश्चंद्रगडाला पाचनई गावाची वाट सोपी, खिरेश्वर गावाहून तोलारखिंडीची लांब आणि दमवणारी. गडावरचं सर्वांत उंच शिखर तारामती, त्याचा माथा 1429 मीटर. म्हणजे खिरेश्वरपासून साधारण 700 मीटरचा चढ. खिंडीच्या वरचा रेलिंगचा कातळटप्पा सगळ्यांना धडकी भरवतो, म्हणून तिथे सगळे जपून चढतात. वाट चुकते ती त्याच्या पुढे, जिथे चढ संपल्यासारखा वाटतो.

कातळ संपला की गडावरच्या हरिश्चंद्रेश्वर मंदिरापर्यंत टेकाडांची चढउतार. एक टेकाड ओलांडावं तर पुढे दुसरं. कारवीत गुरांच्या वाटा इतक्या मळलेल्या असतात की त्याच खऱ्या वाटतात. धुक्यात तर बोलायलाच नको. दहा मिनिटं बाण किंवा खूण दिसली नाही तर पुढे रेटू नका. शेवटची खूण दिसली होती तिथवर मागे या. ‘खाली उतरलो की गाव लागेलच’ हा हिशेब इथे चालत नाही, कारण ओढ्याने उतरणारा बऱ्याचदा कड्याच्या तोंडाशी जाऊन अडकतो. नकाशा घरीच डाउनलोड करा, चढताना ट्रॅक नोंदवा आणि फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. रेंज शोधण्यातच बॅटरी संपते.

वेळेचं गणित तर हटकून फसतं. रात्रभर प्रवास करून 8 ला चढायला सुरुवात केली की मंदिरात पोचेपर्यंत 12 वाजून जातात. मग जेवण, कोकणकडा (गडाचा पश्चिमेकडचा उभा कडा), आणि उतरताना टेकाडांतच अंधार. सकाळी 6 ला खिरेश्वर सोडा आणि परतीसाठी मंदिरातून 1 ला निघा. तोवर तारामती झाला नसेल तर सोडून द्या. कोकणकड्याचा सूर्यास्त हवाच असेल, तर मुक्कामाच्या तयारीनेच जा. दिवसाच्या ट्रेकलाही प्रत्येकाकडे हेडटॉर्च हवा. मोबाइलच्या उजेडात एक हात अडकतो आणि रेलिंग धरायला दोन्ही लागतात.

आता बूट. कपाटात चार-पाच वर्षं पडलेला बूट वरून कोरा दिसतो, पण हवेतल्या ओलाव्याने त्याचा सोल आणि डिंक आतून कुजलेला असतो. दोन तासांत टाच जबडा वासते. आठवडाभर आधी ते बूट घालून जिने चढा-उतरा. सोल सुटायचा असेल तर तिथेच सुटेल. वाटेत सुटलाच तर कापडी चिकटपट्टीचे चार वेढे चवड्याला, चार टाचेला. नुसती नाडी बांधली तर ती कातळावर घासून तुटते. उतरताना नखं काळी पडतात, ती नाडी सैल राहिल्याने: पाऊल पुढे घसरतं आणि अंगठा टोकावर आपटत राहतो. उतार सुरू होण्याआधी टाच मागे टेकवून घोट्यापाशी नाडी आवळा. नखं दोन दिवस आधी कापा.

पाणी माणशी 3 लिटर. ओआरएसचं मोठं पाकीट अख्ख्या 1 लिटरमध्येच घाला. अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामं केलं तर ते जास्तच खारट होतं, तहान वाढते, पोट बिघडतं. पोटऱ्यांत गोळे आले की थांबा, पायाची बोटं स्वतःकडे ओढून धरा, मग घोटाघोटाने प्या.

कोकणकड्याच्या कडेशी उभं राहून वाकू नका, वारा अचानक उसळतो. पोटावर झोपून बघा, आणि पाय धरायला मागे कुणीतरी असू द्या.