कोल्हापुरात राष्ट्रीय परिषद भरवायची तर

तारीख धरताना आधी नवरात्र बघा. अंबाबाईच्या गर्दीत लॉजवर खोली मिळत नाही. आमचे दोन पाहुणे एकदा माझ्याच माडीवर झोपले. विषय लोकाभिमुख मानव्यविद्येचा, म्हणजे इतिहास, भाषा, कला यांचा अभ्यास लोकांत नेण्याचा, मग सगळी सत्रं विद्यापीठात कोंडू नका. एक दुपार दसरा चौकात काढा. तिथली जुनी विद्यार्थी वसतिगृहं दाखवा, शाहू महाराजांचा १९०२ चा, नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखणारा हुकूम तिथंच उभं राहून वाचा. तालमीतले वस्ताद, चपलांचे कारागीर यांना बोलवा, पण वक्ते म्हणून. मानधन प्राध्यापकांइतकंच, पाकीट त्याच दिवशी हातात. (इथंच आम्ही चुकलो होतो.) बीजभाषणाला तीस मिनिटं, घंटेवर कडक माणूस बसवा. जेवणात तांबडा-पांढरा हवाच, शाकाहारी पंगत वेगळी. प्रमाणपत्रांवरची नावं आदल्या रात्री मोठ्यानं वाचून तपासा.