कस्तूर बघायचाय? मग झाडावर नका बघू
नारिंगी डोक्याचा कस्तूर हा पक्षी, म्हणजे बर्डर (पक्षी बघणाऱ्या) लोकांचा ऑरेंज हेडेड थ्रश, पुण्यात तसा अगदीच दुर्मिळ वगैरे नाहीये, पण दहा चकरा मारल्या तरी दिसत नाही. (घाटात शीळ घालतो तो शीळकरी कस्तूर वेगळा हां.) मी पण आधी एम्प्रेस गार्डनमध्ये वर बघून बघून मानेची वाट लावून घेतली, हळद्या दिसला, धनेश दिसला, कस्तूर काही नाही, कारण हा गडी खाली जमिनीवर असतो!

तर पहिलं काम, बागेतला न झाडलेला कोपरा शोधा. लॉनवर वेळ घालवू नका. दाट सावली, ओलसर पालापाचोळा, बांबूचं बेट, खताचा खड्डा, गळका नळ असलं काहीतरी बघा, आणि माळीकाकांना सरळ विचारा की इकडं झाडू कुठं मारत नाही, सगळ्यात भारी माहिती त्यांच्याकडेच असते. वेळ सकाळी गेट उघडल्या उघडल्या, नाहीतर उन्हं उतरल्यावर. जानेवारीत फ्लॉवर शो असतो तेव्हा जाऊच नका.

मग गप बसायचं. वीसेक मिनिटं, फोन सायलेंटवर (माझा एकदा ऐन वेळी वाजलाय, पुढचं सांगत नाही). आणि डोळ्यांच्या आधी कान लावायचे. सातभाई असतील तर पाचोळ्यात नुसता गोंधळ आणि वर भांडणं, सरडा असेल तर एकदाच सर्रकन आवाज आणि मग काही नाही, पण कस्तूर चोचीनं पान उचलून बाजूला फेकतो, खर्र, खर्र, मग थांबतो, दोन उड्या मारतो, परत खर्र. हा थांबत थांबत येणारा आवाज आला की दुर्बीण हळूच तिकडं न्यायची.

दिसला की ओळखायला सोपा, मैनेपेक्षा किंचित लहान, डोकं आणि पोट नारिंगी, पाठ निळसर राखाडी, खांद्यावर छोटा पांढरा ठिपका. आपल्याकडच्या कस्तुराच्या पांढऱ्या गालावर दोन गडद उभ्या रेघा असतात, ते बघितलं की विषय संपला. मादीची पाठ जरा मळकट तपकिरीकडे झुकते.

बिचकला तर लांब जात नाही, जवळच्याच खालच्या फांदीवर चढतो आणि पुतळ्यासारखा बसतो, आणि नेमकं इथंच लोक उठून पुढं जातात. नका जाऊ, तुम्ही हलला नाहीत तर बऱ्याचदा परत त्याच पाचोळ्यात उतरतो.

गाणं ऐकायचं असेल तर पावसाळ्याच्या तोंडाला जा, विणीचा काळ तोच. आवाज खणखणीत आणि गोड, पण हा दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला पण करतो, त्यामुळे मर्लिन ॲपनं (आवाजावरून पक्षी ओळखणारं) भलताच पक्षी सांगितला तर लगेच ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींची साइट) टाकू नका, आधी डोळ्यांनी बघा. आणि त्या दिवसांत मोबाईलवर त्याचाच आवाज वाजवून बोलवायचा प्रकार तर प्लीज नकोच, बिचारा घरटं सोडून भांडायला येतो.

फोटोचं म्हणाल तर सावलीत शटर स्पीड मिळत नाही, माझे सगळे हललेलेच आहेत.