आदिवासी भागातील आरोग्य केंद्रात ई-रेकॉर्ड सुरू करताय? या चुका टाळा

धडगाव असो, धारणी असो की भामरागड, प्राथमिक आरोग्य केंद्रात नवी संगणक प्रणाली आली की वरून पहिला प्रश्न येतो, "आज किती एन्ट्री झाल्या?" बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात. आकडा गाठायचा म्हणून भरलेली नोंद पुढच्या महिन्यात तोच पेशंट दुसऱ्या सिस्टरसमोर बसतो तेव्हा तिच्या काही कामाची नसते.

नाव आणि जन्मतारखेवर पेशंट शोधणे

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होते. धडगावकडे पावरा, वसावे, पाडवी. धारणी-चिखलदऱ्यात कासदेकर, बेठेकर, जांबेकर. एका पाड्यावर एकाच नावाच्या तिघी सहज सापडतात. त्यात नेमकी जन्मतारीख माहीत नसलेल्या कितीतरी जणांच्या आधारवर १ जानेवारी छापलेली असते. म्हणजे नाव तेच, आडनाव तेच, तारीखही तीच! घाईत पहिल्या नावावर क्लिक झाले की एकीचे हिमोग्लोबिन दुसरीच्या खात्यात जाते. गर्भवतीच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकते. म्हणून पाडा, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि घरातल्या आणखी एकाचे नाव विचारल्याशिवाय नोंद उघडू नका. शंका असेल तर आशाताईंना विचारा, त्या घर ओळखतात. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलीची नवी नोंद करण्याआधी माहेरच्या नावाने शोधा.

ओटीपीसाठी पेशंटला ताटकळत ठेवणे

१४ अंकी आभा (आयुष्मान भारत आरोग्य खाते) क्रमांक काढायला बसलात आणि आधारला जोडलेला मोबाइल नवऱ्याकडे, नवरा ऊसतोडीला गुजरातेत. ओटीपी येणार कुठून? आभा ऐच्छिक आहे, त्यावाचून उपचार अडवायचे नाहीत. केंद्राच्या नोंदणी क्रमांकावर केसपेपर काढा, तपासणी होऊ द्या, आभा नंतर जोडा. आणि जोडताना संमती तिच्या भाषेत मागा. कोरकू, पावरी किंवा माडिया बोलणारी बाई मराठीतल्या प्रश्नाला नुसती मान हलवते, त्याला संमती म्हणत नाहीत.

सिकलसेलपुढे फक्त "पॉझिटिव्ह"

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. त्यासाठीचे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आणि चाचण्यांच्या नोंदींचा ढीग वाढला. सोल्युबिलिटी चाचणी ही फक्त चाळणी आहे. वाहक (एएस) कोण आणि रुग्ण (एसएस) कोण, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणारी प्रयोगशाळेतली चाचणी लागते. तरीही शेऱ्यात "सिकल पॉझिटिव्ह" एवढेच लिहिलेले दिसते. मग वाहक मुलगी आयुष्यभर आजारी म्हणून वावरते आणि खरा रुग्ण पाठपुराव्यातून निसटतो. कोणती चाचणी, कोणत्या तारखेला आणि पुष्टी झाली की बाकी आहे, हे तिन्ही लिहाच.

रात्री बसून आठवणीने भरणे

ओळीने दहा जणींचा बीपी ११०/७० दिसला तर समजा, मोजमाप आणि नोंद यांची ताटातूट झाली आहे. बाळाचे २.४ किलो वजन २४ होते तेही याच वेळी. पण दोष सिस्टरवर ढकलू नका. जुनी रजिस्टरे, नवे सॉफ्टवेअर आणि वर कार्यक्रमागणिक वेगळे पोर्टल भरायला लावले तर दुसरे काय होणार? सुरुवातीचे काही आठवडे कागद आणि संगणक दोन्ही चालतील, पण कोणते रजिस्टर कधी बंद होणार याची तारीख तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. नाहीतर ते कधीच बंद होत नाही.

स्थलांतर गृहीत न धरणे

दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे कामाला बाहेर जातात. संगणकात नोंद आहे म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड कोरे ठेवू नका. परजिल्ह्यातल्या डॉक्टरच्या हातात तेच पडणार आहे.

वीज किंवा रेंज गेल्यावर

कोऱ्या कागदावर काहीबाही लिहू नका. संगणकाच्या पडद्यावर ज्या क्रमाने रकाने आहेत त्याच क्रमाचे छापील तक्ते टेबलावर ठेवा. रेंज आल्यावर भरताना आजची नाही, तपासणीची खरी तारीख टाका. एन्ट्री सेव्ह झाली नाही असे वाटले तर पुन्हा भरण्याआधी शोधून बघा, दुबार नोंदी अशाच होतात. आणि एकच लॉगिन सगळ्यांनी वापरू नका. चूक दुरुस्त करायची वेळ आली की कोणाला विचारायचे तेच कळत नाही.