जुनं ऐतिहासिक घर आणि शेत बघायला शाळेची सहल नेताय? या चुका टाळा

बरीच वर्षं मुलांना सहलीला नेतेय, त्यात जुनं घर आणि त्याला लागूनच गोठा, शेत अशी जागा मला सगळ्यात जास्त आवडते. पण अशी सहल फसली तर कारण बहुतेक वेळा आधीच्या आठवड्यातच सापडतं, म्हणून जे अनुभवातून कळलं ते लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी स्वतः जाऊन न बघणं. फोनवर बुकिंग झालं की आपण निर्धास्त होतो आणि तिथे पोचल्यावर कळतं की जिना इतका अरुंद आहे की एका वेळी एकच मूल चढू शकतं, किंवा हात धुवायचा नळ गोठ्यापासून पार दुसऱ्या टोकाला आहे. जाऊन बघा, नळ किती आहेत, साबण असतो का, वर्गात व्हीलचेअर वापरणारं मूल असेल तर ते कुठपर्यंत जाऊ शकेल, आणि एका खोलीत किती जणांना सोडतात. जुन्या घरांच्या लाकडी जमिनी तीस मुलांनी एकदम धावाव्यात म्हणून बांधलेल्या नसतात. इंग्लंडमध्ये मुलांच्या गोष्टी लिहिणाऱ्या बिअ‍ॅट्रिक्स पॉटर यांचं हिल टॉप नावाचं शेतघर आहे (त्यांनी 1905 मध्ये घेतलं होतं), ते लहान आहे म्हणून तिथे ठराविक वेळेच्या तिकिटावरच आत सोडतात. तेव्हा गट पाडायला सांगितले तर वाद घालू नका, घरूनच दहा-बारा जणांचे गट करून न्या.

दुसरी चूक क्रमाची. आधी घर, मग शेत, मग साबणाने हात, मग डबा. शेतातून चिखलाचे बूट घेऊन घरात गेलात तर जमीन खराब होते आणि मुलं दमलेली असतात ते वेगळंच. मोठा वर्ग असेल आणि अर्धे घरात, अर्धे शेतात असं करावंच लागलं तर शेतातून येणाऱ्या गटाला बूट पुसायला आणि हात धुवायला चांगली पंधरा मिनिटं ठेवा, ती वेळापत्रकात लिहा, नाहीतर कोणी देत नाही.

आता हात धुण्याबद्दल जरा जास्तच बोलणारे कारण इथे खरंच धोका आहे. गाई, शेळ्या, मेंढ्या दिसायला ठणठणीत असल्या तरी त्यांच्या शेणात ई. कोलाय ओ157 हा जंतू असू शकतो, आणि लहान मुलांमध्ये त्यामुळे किडनीपर्यंत त्रास जाऊ शकतो. 2009 मध्ये इंग्लंडमधल्या सरे परगण्यात एका फार्मला भेट दिल्यावर 93 जण आजारी पडले होते, त्यात बरीचशी लहान मुलं होती. आपल्याकडून चूक अशी होते की पर्समधलं सॅनिटायझर काढतो आणि झालं म्हणतो. मातीने, शेणाने माखलेल्या हातावर ते नीट काम करत नाही, वाहतं पाणी आणि साबण लागतो, निदान 20 सेकंद, आणि एक मोठं माणूस शेजारी उभं राहून बघायला लागतं. अजून एक, जे पटकन लक्षात येत नाही, ते म्हणजे पेन्सिल. मूल शेळीला हात लावतं, मग विचार करताना पेन्सिल तोंडात. म्हणून गोठ्याकडे जाताना वह्या-पेन्सिली बॅगेत, खाऊही बॅगेत. सोबत कोणी गरोदर टीचर असतील तर त्यांनी नुकत्याच व्यायलेल्या मेंढ्यांच्या आणि कोकरांच्या जवळ जाऊ नये, त्यांना दुसरा गट द्या. आणि पालकांना आधीच सांगून ठेवा, पुढच्या दहाएक दिवसात जुलाब झाले तर डॉक्टरांना ‘शेतावर गेला होता’ हे आवर्जून सांगा, रक्त पडत असेल तर लगेच दाखवा.

गवताच्या धुळीने दमा वाढतो, त्यामुळे इनहेलर टीचरच्या खांद्यावरच्या बॅगेत हवा. तो बसमध्ये राहिला की संपलंच.

घरातल्या चुका वेगळ्या. खोल्या अंधाऱ्या दिसतात, मुलं कुरकुर करतात आणि आपण चांगल्या मनाने पडदा सरकवतो. मी स्वतः एकदा सरकवला होता आणि तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं की कापड, कागद यांच्यावर पडलेला प्रकाश साठत जातो, उडालेला रंग परत येत नाही, म्हणून अशा खोल्यांत साधारण 50 लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप), म्हणजे मंदच उजेड ठेवतात. तेव्हापासून मी मुलांना दोन-तीन मिनिटं नुसतं बसवते, डोळे सरावतात, आणि मग विचारते की इथे रात्री कसं वाचत असतील? दप्तरं पाठीवर ठेवू देऊ नका, मूल वळलं की मागचं काहीतरी पडतं. पितळ, लाकूड यांना हात का लावायचा नाही तेही सांगा, घामाने आणि तेलाने डाग पडतात हे कळलं की मुलं ऐकतात.

वीस प्रश्नांची वर्कशीट ही माझ्या मते सहलीचा बट्ट्याबोळ करणारी गोष्ट आहे. मुलं पाट्यांवरची नावं उतरवत बसतात, वस्तूकडे बघतच नाहीत. एकच प्रश्न द्या. माझा आवडता: या घरात पाणी कुठून यायचं आणि ते कोण आणायचं? यातून विहीर, स्वयंपाकघर, गोठा, नोकरमाणसं सगळं येतं. दुभती गाय दिवसाला 60-70 लिटर पाणी सहज पिते, म्हणजे दहा लिटरच्या सहा-सात बादल्या, एकेक दहा किलोची. अर्धी बादली उचलून वीस पावलं चालायला लावा, मग बघा काय प्रश्न येतात.

आणि ‘कोण आणायचं’ हा भाग गाळू नका. फक्त मालकाची खुर्ची, मालकाचा पलंग दाखवून परत यायचं हे बरोबर नाही. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन या घरी आणि शेतीवर 1799 मध्ये 317 गुलाम माणसं होती, ते घर आणि ती शेती त्यांच्या कष्टावर उभी होती. जिथे जाल तिथे गाईडला आधीच कळवा की राबणाऱ्यांच्या खोल्याही बघायच्यात.

आयत्या वेळी अडलं तर? एखादं मूल जनावराला घाबरलं तर ओढून नेऊ नका, कुंपणाबाहेर थांबू दे, बहुतेक वेळा दहा मिनिटांनी स्वतःच पुढे येतं. घोड्याच्या, गाईच्या थेट मागून कोणी जाऊ नये, तिथलं त्यांना दिसत नाही, बाजूने बोलत बोलत जायचं. ‘याला मारून खातात का’ असं कोणी विचारलं तर खरं सांगा, साध्या शब्दात, विषय बदलू नका. पोचायला उशीर झाला तर एक खोली गाळा, हात धुवायची वेळ गाळू नका. पाऊस आला आणि शेत बंद झालं तर बादलीचं काम पडवीत होतं, मी केलंय, मुलांनी परतीच्या बसमध्ये त्याबद्दलच बडबड केली.