गोळी खाली-डावीकडे जातेय? आधी साइटच्या स्क्रूवरचा हात काढा

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरनं १० मीटर एअर पिस्तुलात कांस्य घेतलं आणि आमच्या रेंजवर नवी पोरं येऊ लागली. घरी सराव करणारेही वाढले. तक्रारी मात्र ठरलेल्या. पेलेट (एअर पिस्तुलाच्या छोट्या गोळ्या) खराब आहेत, साइट (नळीवरची नेम धरायची खूण) हललीय, पिस्तूलच डावीकडे मारतं.

मीही हेच म्हणायचो. उजव्या हातानं मारतो, ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, कायम खाली-डावीकडे. पंधरा दिवस रिअर साइटचे, म्हणजे डोळ्याकडच्या साइटचे, स्क्रू फिरवले, पेलेटचे दोन डबे बदलले. शेवटी सर म्हणाले, "आण इकडे, आज मी भरून देतो." पाठ फिरवून ते भरायचे आणि हातात द्यायचे. चौथ्या खेपेला नुसतं 'टिक' झालं. सरांनी गुपचूप ड्राय फायरवर टाकलं होतं, म्हणजे ट्रिगर चालतो पण गोळी सुटत नाही. धक्का नाही, हवा नाही, तरी नळीचं तोंड माझ्या डोळ्यांदेखत खाली-डावीकडे गचकलं. सर काही बोलले नाहीत. पुढचा भरायला लागले.

ट्रिगर ओढताना अख्खी मूठ आवळली जाते, दुखणं तिथं असतं. जरा हिशेब करा. दोन साइटमधलं अंतर ३३ सेंटीमीटर धरलं, तर फोरसाइट (नळीच्या तोंडाजवळची साइट) मागच्या साइटच्या मानानं एक मिलिमीटर हलली की १० मीटरवर गोळी तीन सेंटीमीटर सरकते, म्हणजे मधोमधच्या दहा गुणांचे सात होतात. उलट साइट जुळलेल्या ठेवून अख्खा हात एक सेंटीमीटर हलला, तर गोळीही सेंटीमीटरभरच सरकते, नऊ मिळतात. हात हलणारच, माणूस आहे. तरी सगळे हात स्थिर करायच्या मागे आणि बोटाकडे कुणाचं लक्ष नाही. नजर टार्गेटवर खिळवणं हीही त्यातलीच चूक. काळा गोल धुरकट दिसू दे, फोरसाइटची कड धारदार दिसली पाहिजे.

उपाय फुकट आहे. पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करा, ड्राय फायरवर टाका आणि कोऱ्या भिंतीसमोर उभे राहा. टार्गेट नको. फक्त साइट बघत ट्रिगर सरळ मागे घ्या आणि टिक झाल्यावरही दोन सेकंद तसेच थांबा. नेम धरून आठ-दहा सेकंद उलटली तर हात खाली घ्या. ओढून-ताणून मारलेला शॉट बहुतेक वेळा वायाच जातो. रोज वीस मिनिटं पुरे.

पिस्तुलाचा दोष असतो, नाही असं नाही, पण तो वेगळा दिसतो. ड्राय फायरला नळी हलत नाही, तरी ग्रुप घट्ट आणि चुकीच्या जागी आहे, तर खुशाल साइट फिरवा. सगळीकडे विखुरलाय, तर ग्रिप आणि बोट तपासा. सुरुवातीला बरं आणि सरावाच्या शेवटी गोळ्या खाली उतरायला लागल्या, तर पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरचा दाब दाखवणारा काटा बघा, हवा संपत आली असेल. एखादीच गोळी भलतीकडे गेली, तर पेलेटची मागची कड चेपलेली असू शकते. खिशात सुटे पेलेट टाकणाऱ्यांना हा प्रसाद हमखास मिळतो.

घरात १० मीटर कुणाकडे असतात? ५ मीटरवर निम्म्या मापाचं टार्गेट लावा, म्हणजे काळा गोल साधारण ३० मिलिमीटरचा, मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर. मागे नुसती फळी ठेवू नका, पेलेट उलटून अंगावर येतो. पेलेट अडवणारी लोखंडी पेटी, म्हणजे पेलेट ट्रॅपच घ्या. दार असलेल्या भिंतीकडे तर कधीच मारू नका, कडी लावलेली असली तरी.

आणि पेलेट शिशाचे असतात. सराव झाला की आधी साबणानं हात, मग चहा. पुढचा पेलेट ओठांत धरून ठेवायची सवय असेल तर आजच सोडा. आमच्याकडचे एक काका अजून धरतात, वर सांगतात की त्यानं मारायची लय बिघडत नाही.