डिस्लेक्सियावर, आवाजाने उजळणारं शिल्प करताय? या चुका टाळा

उलटीसुलटी अक्षरं टांगणं. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन शिकताना येणारी अडचण, म्हटलं की तारेला लोंबकळणारा ‘ज्ञ’ आणि आरशातला ‘ब’ ठरलेलाच. अहो, हा डोळ्यांचा दोष नाही. बहुतेक मुलांची मुख्य अडचण शब्दातले आवाज सुटे करून ते अक्षरांशी जोडण्यात असते. त्यातून आपली लिपी: ‘किल्ला’ लिहिताना वेलांटी ‘क’च्या आधी, बोलताना नंतर. आवाज आणि उजेड एवढंच या विषयाला पुरेसं आहे. अक्षरांची तोरणं काढून टाका.

आवाज मोठा तर उजेड जास्त. माझं डोकं सगळ्यात जास्त उठतं ते यावर. एका प्रदर्शनात विद्यार्थ्यांनी बांबूचं सुंदर झाड केलं होतं, फांद्यांवर एलईडी पट्ट्या. एक मुलगा माइकसमोर हळू आवाजात वाचायला लागला. झाड जेमतेम मिणमिणलं. तो एका जोडाक्षराला अडला, तर तेही विझलं. मागून दुसऱ्याने येऊन ‘मोरया!’ अशी आरोळी ठोकली आणि अख्खं झाड पांढरंफटक! मग दिवसभर ओरडण्याची स्पर्धा. करणारे खूश, ‘रिस्पॉन्स बघा काय मस्त आहे!’ पहिला मुलगा परत फिरकला नाही. अडखळला की अंधार, हे त्याला वर्गातही मिळतंच की.

मोठेपणा मोजूच नका, चढ मोजा. खोलीतल्या आवाजाची सरासरी सतत काढत राहायची. तिच्यावर आवाज झपकन चढला की एक अक्षर सुरू झालं असं धरायचं आणि पुढची फांदी लावायची. कुजबुज असो की आरोळी, उजेड सारखाच. लागलेली फांदी मी दोन-तीन सेकंद रेंगाळत मावळू देतो, आणि कोणी गप्प असताना झाड पूर्ण काळं कधीच करत नाही. मूल थांबलंय म्हणजे त्याचं काम चालू आहे.

फांदी दर वेळी वेगळी हवी, यालाही कारण आहे. बोलताना सेकंदाला साधारण चार-पाच अक्षरं निघतात. प्रत्येकाला सगळं शिल्प लखलखलं, तर प्रकाशाने फिट येणाऱ्यांना धोका. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नकोत, हा नियम पाळाच.

टाळी ऐकणारा सेन्सर. निळ्या स्क्रूचा तो स्वस्त साउंड सेन्सर बोलणं धड पकडत नाही. मॅक्स ४४६६ हे माइकचं मॉड्यूल घ्या. मॅक्स ९८१४ आवाज आपोआप वाढवतो खरा, पण शांततेत पंख्याची घरघरही वाढवतो.

मोबाइल चार्जरवर सगळं चालवणं. डब्ल्यूएस २८१२बी या रंगीत पट्टीतला एक एलईडी पूर्ण पांढरा असताना सुमारे 60 मिलिअँपिअर खातो. पाच मीटरच्या पट्टीत 300 एलईडी, म्हणजे 18 अँपिअर. चार्जर बिचारा दोन-तीनचा. वर वीज एकाच टोकाने दिली की दुसऱ्या टोकाचा पांढरा रंग लालसर पडतो, कारण व्होल्टेज घसरलं की निळा आणि हिरवा आधी मंदावतात. मग मंडळी कोडमधला रंग बदलत बसतात! वीज दोन्ही टोकांनी द्या, ग्राउंड एकच ठेवा, आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेलाच आहात तर जाड वायर घेऊनच या. हेडफोनच्या तारेवर शिल्प चालवणाऱ्यांना मी मदत करत नाही.

कोडमध्ये डिले, म्हणजे ‘थोडा वेळ थांब’ ही आज्ञा. तेवढा वेळ शिल्प बहिरं असतं. काढा.

उघडे एलईडी. डोळ्यांत खुपतात. मीटरला 60 ची पट्टी असेल तर दुधी अ‍ॅक्रिलिक किमान दोन सेंटीमीटर लांब ठेवा.

माइक पॉवर सप्लायला चिकटवणं. गुणगुण ऐकून झाड रात्रभर नाचेल.

मुलांना उद्घाटनालाच बोलावणं. ब्रेडबोर्डवर, म्हणजे तारा नुसत्या खोचून सर्किट जोडायच्या पाटीवर, तीन एलईडी लागले की बोलवा. पुठ्ठ्याचं झाडही चालतं. आणि हातात धडा देऊ नका. स्वतःचं नाव, कुत्र्याचं नाव, शिट्टी, खोकला, जे सुचेल त्याने फांदी लागू दे. सेन्सर चढ पकडतोय की नाही, हे त्यातच कळतं.