ट्रकवरची क्रेन लोड उचलत नाही? या चुका टाळा

“मशीन उचलतच नाही” अशी तक्रार आली की बऱ्याच जणांचा हात आधी रिलीफ व्हॉल्व्हच्या (ऑइलचा दाब मर्यादेत ठेवणारा व्हॉल्व्ह) नटाकडे जातो. पाना खाली ठेवा. व्हॉल्व्ह आवळला की लोड उचललाही जाईल, पण तो जास्तीचा ताण बूम (क्रेनचा हात), पिना आणि चॅसीला सोसावा लागतो. ट्रक कलंडायचा धोका वाढतो तो वेगळाच. लिमिटरने (जास्त लोड आला की क्रेन अडवणारं यंत्र) बूम पुढे जाऊ दिला नाही, तर मशीन बिघडलेलं नाही, शहाणं आहे.

गोंधळ होतो तो अंतराचा. “पाच टनांची क्रेन” म्हणतात, पण पाच टन किती मीटरवर? दोन मीटरवर पाच टन म्हणजे 10 टन-मीटर. तीच क्रेन आठ मीटरवर हिशेबाने सव्वा टनच उचलेल, आणि बूमचं स्वतःचं वजन धरलं तर त्याहूनही कमी. म्हणून लोड चार्ट, म्हणजे किती अंतरावर किती वजन चालतं त्याचा तक्ता, बघा. अंतर क्रेन जिच्याभोवती फिरते त्या मध्यापासून हुकापर्यंत, आडवं मोजायचं. ट्रकच्या कडेपासून नाही. हुक, स्लिंग (लोड बांधायचा दोर किंवा पट्टा), शॅकल (जोडायची कडी) यांचं वजनही लोडमध्येच धरा.

दुसरी चूक पायांची. जागा अडचणीची म्हणून एका बाजूचा आउटरिगर (ट्रकला आधार देणारा पाय) अर्धाच बाहेर काढतात, आणि लोड नेमका त्याच बाजूला फिरवतात. पाय पूर्ण बाहेर काढा आणि खाली जाड, रुंद पॅड द्या. 20 सेंमी चौरस पायावर आठ टन आले तर दर चौरस सेंमीला 20 किलो दाब पडतो; 60 सेंमीच्या पॅडवर तोच नवव्या हिश्श्यावर येतो. लोड वीतभर उचलून थांबा, खाली उतरून चारही पॅड बघा. एखाद्याच्या कडेने माती फुगलेली दिसली तर लोड खाली.

लोड कधी तिरका ओढू नका. दोन पायांची स्लिंग पसरून जमिनीशी 30 अंशांवर आली, तर प्रत्येक पायावर अख्ख्या लोडइतका ताण येतो. लांब स्लिंग घ्या.

आता खरे बिघाड. सगळ्याच हालचाली मंद झाल्या असतील तर ऑइलची पातळी (बूम घडी करून, सिलिंडर आत घेऊनच बघायची), फिल्टर आणि पीटीओचे (इंजिनाची ताकद पंपाला देणारा जोड) आरपीएम तपासा. पंप किंचाळत असेल तर तो बहुधा हवा ओढतोय किंवा सक्शन (पंपाची ऑइल ओढायची बाजू) तुंबलंय. लिव्हर सोडल्यावरही बूम हळूहळू बसत असेल तर होल्डिंग व्हॉल्व्ह (सिलिंडरमधलं ऑइल अडवून बूम जागेवर धरणारा) किंवा पिस्टनचं सील गेलंय. काम बंद करा. होजची गळती बोटाने कधीच चाचपू नका, बारीक भोकातून येणारं ऑइल कातडीत घुसतं. पुठ्ठा धरा.

निघताना पीटीओ बंद केला का, पाय आत घेऊन लॉक केले का आणि बूम बसला का, हे केबिनमधून नाही, गाडीभोवती चक्कर मारून बघा.